घरांतील उजेड आणि स्थिरचित्र

घरांत नवा कॅमेरा आला म्हणजे पहिले कांहीं दिवस त्याचा मुक्काम घराबाहेरच असतो. समुद्रकिनारा, किल्ला, देवळाचें शिखर, लग्नमंडप आणि सहलीस निघालेली मंडळी यांचीं चित्रें भराभर काढलीं जातात. पुढें उत्साह ओसरतो, कॅमेरा कपाटांत जातो, आणि “घरांत काढण्यासारखें आहे तरी काय?” असा उद्गार त्याच्या मालकाच्या तोंडून निघतो. ज्या खोलींत हा उद्गार निघतो त्याच खोलींत, मेजावर, पाण्यानें भरलेला एक पेला उभा असतो. खिडकींतून आलेला उजेड त्या पाण्यांतून आरपार जाऊन पलीकडे मेजावर एक उजळ कवडसा पाडीत असतो. आणि घरांतील कोणाचेंहि तिकडे लक्ष गेलेलें नसतें.

अशा पेल्याचें, फळाचें, भांड्याचें किंवा पुस्तकाचें, म्हणजे स्वतः न हलणाऱ्या आणि कोणी हेतुपूर्वक मांडलेल्या वस्तूंचें जें चित्र, त्याला स्थिरचित्र म्हणतात. चित्रकारांनीं हा प्रकार शेंकडों वर्षें हाताळला. छायाचित्रणकलेला तर तो जन्मापासूनच सोबत करीत आला आहे, आणि त्याचें कारणहि उघड आहे. आरंभींच्या काळांतील रासायनिक लेपावर प्रकाशाचा परिणाम इतका मंद होई कीं, एक चित्र उमटण्यास पुष्कळ वेळ लागे. माणूस तितका वेळ निश्चल बसत नाहीं, बशी बसते.

इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यानें १८३५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत लेकॉक ॲबी या आपल्या राहत्या वास्तूंतील एका जाळीदार खिडकीचें चित्र कागदावर उमटविलें. आज उपलब्ध असलेल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हांत तें सर्वांत जुनें मानलें जातें. पुढें १८४४ ते १८४६ या काळांत त्यानें ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा आपला ग्रंथ सहा भागांत प्रसिद्ध केला. त्यांतील २४ चित्रांत एक चिनी मातीच्या भांड्यांचें आणि एक कांचेच्या भांड्यांचें आहे. त्या चित्रांबरोबर टॅल्बटनें एक मार्मिक अनुभव नोंदविला आहे. पांढरीं चिनी भांडीं आणि कांचेचीं भांडीं एकाच चित्रांत नीट साधत नाहींत. कारण पांढऱ्या भांड्यांचें चित्र त्यांच्या तेजामुळें पुरें होऊन जातें, तोंवर कांचेचें चित्र कोठें नुकतें सुरू झालेलें असतें. याच ग्रंथांत पुस्तकांनीं भरलेल्या फळ्यांचेंहि एक चित्र आहे. तें ग्रंथालयाचें म्हणून दिलेलें असलें, तरी पुस्तकें बाहेर उजेडांत मांडून तें घेतलें असावें, असें अभ्यासक मानतात. घरांतला उजेड त्या काळच्या कागदाला पुरत नव्हता.

आज तो पुरतो. खिशांत मावणाऱ्या मोबाइलचा कॅमेराहि आतां संध्याकाळच्या अंधुक खोलींत चित्र टिपतो. परंतु टॅल्बटची अडचण दूर झाली, तशी त्याची सावकाशीहि गेली. उजेड कमी वाटला कीं लगेच कॅमेऱ्यावरचा झगझगीत दिवा उडविण्याची संवय सर्वत्र लागली आहे. हा प्रकाश भिंगाच्या बाजूनेंच वस्तूवर पडतो. त्यामुळें वस्तूची सांवली तिच्या पाठीमागें लपते, आणि सांवली लपली म्हणजे गोलाईहि लपते. आंबा, चेंडू आणि तांब्या हे तिन्ही मग कागदांतून कापून चिकटविल्यासारखे दिसूं लागतात. उजेड मिळाला, पण वस्तु गेली, असा हा व्यवहार आहे.

घरांत उजेड असतो तरी किती, हें येथें पाहण्यासारखें आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हांत प्रकाशाचें मान सुमारें १,००,००० लक्स असतें. आभाळ भरून आलें म्हणजे तें १०,००० च्या आसपास उतरतें. घरांत खिडकीजवळच्या मेजावर तें ५०० ते १,००० भरतें, आणि रात्रीं दिवा लावलेल्या बैठकीच्या खोलींत १०० ते २०० असलें तरी पुष्कळ झालें. म्हणजे उन्हांतून घरांत पाऊल टाकणारा माणूस शंभरपट अंधारांत शिरतो. त्याला तें जाणवत नाहीं. कारण डोळ्यांतील बाहुली मोठी होते, आंतील पडदाहि अंधाराशीं जुळवून घेतो, आणि क्षणभरांत सारें पूर्ववत् दिसूं लागतें. कॅमेऱ्याला ही तूट हिशोबानें भरून काढावी लागते.

ती भरून काढण्याचे मार्ग तीन आहेत. भिंगाचें छिद्र मोठें करावें, हा पहिला. परंतु त्यामुळें एखादीच वस्तु रेखीव येते आणि तिच्या मागच्या-पुढच्या वस्तु धूसर होतात. फिल्मची किंवा आजच्या कॅमेऱ्यांतील संवेदकाची प्रकाश टिपण्याची शक्ति वाढवावी, हा दुसरा. परंतु त्यानें चित्रावर वाळूसारखे कण दिसूं लागतात. झडप अधिक काळ उघडी ठेवावी, हा तिसरा. या मार्गाची अट एकच: वस्तु आणि कॅमेरा यांपैकीं कांहींच हलतां कामा नये. स्थिरचित्रांतील वस्तु तर हलतच नाहीं. राहतां राहिला कॅमेरा. त्याला तिपाईवर किंवा चार जाड पुस्तकांच्या चळतीवर बसवावें, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप झडप उघडण्याची सोय वापरावी.

आंकड्यांत सांगावयाचें तर, फिल्मची शक्ति १०० असतांना उघड्या उन्हांत १६ क्रमांकाच्या छिद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. खिडकीजवळ ६०० लक्स उजेड असेल, तर ८ क्रमांकाचें छिद्र ठेवून पाव सेकंद द्यावा लागेल. रात्रीं एका दिव्याखालीं १५० लक्स असतांना तोच काळ एका सेकंदावर जाईल. फिल्म वापरणाऱ्यानें मात्र इतकें ध्यानांत ठेवावें कीं, सेकंदाहून लांब कालावधींत बहुतेक फिल्म मंदावते आणि हिशोबाहून थोडा अधिक वेळ मागते. सारांश, घरांत जितका उजेड कमी, तितका वेळ अधिक, एवढाच हा सौदा आहे. घरांतील उजेड अपुरा आहे अशी तक्रार करणाराजवळ बहुधा सवड अपुरी असते.

वेळेची ही किंमत ज्यानें आयुष्यभर आनंदानें मोजली, असा एक छायाचित्रकार विसाव्या शतकांत प्राग शहरांत होऊन गेला. त्याचें नांव योसेफ सुदेक. तो १८९६ सालीं बोहेमियांतील कोलिन या गांवीं जन्मला आणि पुस्तकबांधणीचा धंदा शिकला. पहिल्या महायुद्धांत त्याला इटलीच्या आघाडीवर धाडण्यांत आलें. तेथें झालेल्या जखमेमुळें त्याचा उजवा हात कापावा लागला. पुस्तकबांधणी दोन हातांचें काम. तें कायमचें सुटलें. मग १९२२ ते १९२४ या काळांत प्रागच्या एका सरकारी शाळेंत त्यानें छायाचित्रणाचें शिक्षण घेतलें, आणि १९२७ पासून शहराच्या माला स्त्राना भागांतील एका घरामागच्या बागेंत, एका लहानशा लांकडी खोलींत, आपलें काम थाटलें.

१५ मार्च १९३९ रोजीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें आणि १९४५ सालच्या मे महिन्यापर्यंत तें शहर परक्यांच्या पहाऱ्याखालीं राहिलें. अशा शहरांत तिपाई आणि मोठा कॅमेरा घेऊन हिंडणें सोपें नव्हतें. १९४० सालीं सुदेकनें आपल्या खोलीच्या खिडकीकडे कॅमेरा वळविला आणि ‘माझ्या कामाच्या खोलीची खिडकी’ अशा अर्थाच्या नांवाची एक चित्रमाला सुरू केली. ती १९५४ पर्यंत, म्हणजे परके निघून गेल्यावरहि, चालूच राहिली. त्या चित्रांत मोठें असें कांहींच नाहीं. खिडकीची कांच आहे. तिच्यावर कधीं दंव आहे, कधीं बर्फाची नक्षी, कधीं पावसाचे ओघळ. कांचेपलीकडे बागेंतील एक वांकडें झाड अंधुक दिसतें. अलीकडे, खिडकीच्या पट्टीवर, एक पेला, एखादें फूल, एखादें फळ. पुढें १९५० नंतरच्या दशकांत पाव, अंडें आणि पाण्याचा पेला इतक्याच साहित्यावर त्यानें स्थिरचित्रें केलीं.

१९४० सालींच सुदेकच्या कामांत आणखी एक बदल झाला. शार्त्र येथील एका पुतळ्याचें, निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून छापलेलें एक मोठें चित्र त्याच्या पाहण्यांत आलें. त्यांतील बारकाव्यांनीं तो इतका भारला गेला कीं, लहान निगेटिव्हवरून चित्र मोठें करून छापण्याची रीत त्यानें सोडली. चित्र जेवढें हवें तेवढेंच निगेटिव्ह घ्यावयाचें, म्हणजे कॅमेराहि तितकाच मोठा आणि जड हवा. तो एका हातानें उचलावयाचा, लावावयाचा आणि झडप उघडून वाट पाहावयाची. इतका खटाटोप करणारा माणूस विचार केल्यावांचून झडप उघडीत नाहीं. १९७६ सालीं सुदेक वारला. त्याची ती लांकडी खोली १९८५ सालीं जळाली. तिच्या जागीं २००० सालीं तशीच दुसरी उभारण्यांत आली. परंतु ज्या खिडकीनें त्याला चौदा वर्षें काम पुरविलें, तशा खिडक्या प्रत्येक घरांत आहेत.

खिडक्या सारख्या असल्या तरी आकाश मात्र सारखें नसतें, हें महाराष्ट्रांतील हौशी छायाचित्रकारानें विसरूं नये. युरोपांतील पुस्तकें उत्तरेकडील खिडकीची एकमुखानें शिफारस करतात. कारण तेथें मध्यान्हीचा सूर्य बाराहि महिने दक्षिणेकडे असतो आणि उत्तरेच्या खिडकींतून बहुतेक काळ केवळ आकाशाचा शांत उजेड येतो. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारें १९ अंशांवर आहे. तेथें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगालाच असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकींत तिरपें ऊन शिरतें. त्या दिवसांत दक्षिणेची खिडकी बरी. हिंवाळ्यांत मात्र पुस्तकांतील उपदेश येथेंहि लागू पडतो.

आणि पावसाळा तर स्थिरचित्रांचाच ऋतु म्हणावा. जून ते सप्टेंबर बाहेर पडण्याची सोय नसते, कॅमेरा पावसांत नेतां येत नाहीं, आणि नेमक्या त्याच दिवसांत सारें आभाळ एकाच पांढऱ्या दिव्यासारखें होऊन खिडकींत उतरतें. प्रकाशाचा उगम जितका मोठा आणि वस्तूला जितका जवळ, तितकी सांवलीची कड मऊ. म्हणून ढगाळ दिवशीं खिडकीपासून दोन हातांवर ठेवलेल्या पेरूवर उजेड आणि सांवली यांची सीमा सांगतां येत नाहीं. एक दुसऱ्यांत विरघळतें. ज्या खिडकींत ऊनच येत असेल, तिला जुनें धुवट धोतर किंवा पांढरी मलमल लावली म्हणजे तेंच कार्य साधतें. कापड पांढरेंच असावें. रंगीत पडद्याचा रंग वस्तूवर उतरतो.

वस्तु खिडकीच्या बाजूला, कॅमेरा खिडकीला समांतर, म्हणजे उजेड एका कुशीवरून यावा, अशी मांडणी आरंभीं करावी. आडव्या उजेडांत सालीचा खरखरीतपणा, विणीचा धागा आणि जुन्या लांकडाची रेघ न् रेघ उठून दिसते. दुसरी कूस फारच काळी पडली, तर त्या बाजूला एक पांढरा कागद उभा करावा; तो खिडकीचा थोडा उजेड परत फेंकतो. कागद बोटभर पुढें-मागें सरकवून वस्तूकडे पाहत राहावें. नवशिक्याला प्रकाशाचें जितकें ज्ञान या सरकविण्यांत होतें, तितकें पुस्तकांत होत नाहीं.

घरांतील प्रत्येक जातीची वस्तु उजेडाला निराळें उत्तर देते. कांचेच्या पेल्यावर समोरून उजेड टाकला तर तो दिसेनासा होतो. त्याला खिडकीच्या आड ठेवावा, म्हणजे मागचा उजेड त्यांतून येतो आणि त्याच्या कडा काळ्या रेघांनीं आंखल्यासारख्या होतात. लख्ख घांसलेल्या पितळी तांब्यांत सारी खोली दिसते: खिडकी, पंखा आणि चित्र काढणारा स्वतःहि. तांब्याचें चित्र काढणें म्हणजे वास्तविक त्यांतील प्रतिबिंबांचें चित्र काढणें होय. म्हणून त्याच्या भोंवतीं काय असावें, हें आधीं ठरवावें. पांढरा कांदा किंवा लसणाचा गड्डा पांढऱ्या कापडावर ठेवला, तर कॅमेऱ्यांतील मापक फसतो. समोरचें दृश्य मध्यम करड्या रंगाचें आहे असें तो गृहीत धरतो आणि पांढऱ्याचें मळकट करून टाकतो. तेथें त्याच्या सांगण्यापेक्षां दुप्पट उजेड द्यावा. काळ्या-जांभळ्या वांग्याला याच्या उलट कमी द्यावा. टॅल्बटचा चिनी मातीचा आणि कांचेचा अनुभव तो हाच.

रात्रींचें काम एकाच दिव्यानें करावें. जुन्या धर्तीच्या पिवळ्या दिव्याचा रंग आणि दिवसाच्या उजेडाचा रंग यांत फार अंतर आहे. डोळा तें विसरतो, कॅमेरा विसरत नाहीं, आणि दोन्ही एकत्र आले म्हणजे वस्तूची एक कूस निळी व दुसरी पिवळी होते. लहान दिवा वस्तूपासून दुप्पट अंतरावर नेला तर उजेड निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. म्हणून दिवा थोडाच सरकवावा. घरांतील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्यानें कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळां मंद-तेज होतात, आणि झडप फार चपळ असेल तर चित्रावर काळे पट्टे उमटतात. येथेंहि औषध तेंच: झडप सावकाश.

आतां प्रश्न उरतो तो मांडावें काय, याचा. दुकानाच्या फळीप्रमाणें दहा वस्तु गोळा करूं नयेत. ज्या वस्तु घरांत एरवींहि एकमेकींजवळ असतात, त्यांच्यांतूनच दोन-तीन निवडाव्यात: विळी आणि अर्धी निवडलेली मेथी, चष्मा आणि मिटलेलें पुस्तक, पानाचा डबा आणि अडकित्ता. अशा वस्तूंत त्या वापरणाऱ्या माणसाचा हात न दिसतांहि दिसतो.

घरांतील वडील माणूस जातें, तेव्हां त्याचीं चित्रें शोधलीं जातात. लग्नांतलीं, मुंजींतलीं, रांगेंत उभें राहून काढलेलीं पन्नास चित्रें निघतात. आणि त्या सर्वांत तें माणूस कॅमेऱ्याकडे पाहत अवघडून उभें असतें. ज्या पानाच्या डब्यापाशीं त्याच्या तीस वर्षांच्या दुपारी गेल्या, तो डबा दरम्यान मोडींत गेलेला असतो, आणि त्याचें चित्र कोणी काढलेलें नसतें. पाटा-वरवंटा, फिरकीचा तांब्या, कंदील, दौत अशा कितीतरी वस्तु शहरांतील घरांतून अशाच निरोप न घेतां गेल्या. आज मेजावर असलेल्या वस्तूहि त्याच वाटेनें जाणार आहेत.

म्हणून ज्यांच्या घरीं कॅमेरा किंवा कॅमेऱ्याचा मोबाइल आहे, त्यांनीं एका सुटीच्या दिवशीं एवढेंच करावें. घरांतील कोणा वडील माणसाच्या नित्याच्या वापरांतील एक वस्तु त्यांना विचारून घ्यावी आणि खिडकीजवळ ठेवावी. ती न हलवितां, कॅमेराहि न हलवितां, सकाळीं सात, दहा, दुपारीं एक आणि संध्याकाळीं पांच अशा चार वेळीं तिचीं चार चित्रें घ्यावींत. त्या रात्रीं तीं चारहि चित्रें शेजारीं-शेजारीं ठेवून पाहावींत, आणि ज्यांची ती वस्तु आहे त्यांनाहि दाखवावींत. चारांतील कोणतें चित्र खरें, हें बहुधा तेच अचूक सांगतील. मग ती वस्तु जेथून उचलली होती तेथें, हाताला सांपडेल अशी, परत ठेवावी.